वांगी, काकवी आणि कोर्दोबा

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. चार दिवसांसाठी पंढरपूरला निघालेला माणूस ‘येतो’ म्हणतो आणि समुद्रापलीकडे नोकरीला निघालेलाही ‘येतो’च म्हणतो. शब्द एकच, पण पहिल्याचा ‘येतो’ एकादशी सरली की खरा होतो आणि दुसऱ्याचा ‘येतो’ घरातली म्हातारी माणसे वर्षानुवर्षे उराशी धरून बसतात.

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी असाच ‘येतो’ म्हणून स्पेनला गेला. उन्हापासून वीज तयार करण्याच्या कामात तो इंजिनिअर आहे, आणि ऊन त्या देशाच्या दक्षिण भागात भरपूर. कोर्दोबा नावाच्या जुन्या शहरात त्याने बिऱ्हाड केले, तिथल्याच मुलीशी लग्न केले. त्यांना आता सहा वर्षांची मुलगी आहे. मधल्या काळात तो दोनदा घरी येऊन गेला. पण ‘येऊन गेला’ आणि ‘आला’ यांत काय अंतर असते, ते आमच्या आईला विचारावे.

गेल्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी कोर्दोब्याला निघालो. तिकीट अर्थातच भावाने पाठवलेले. एरवी ज्याचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले आणि ज्याच्या कादंबऱ्या तालुक्याच्या वाचनालयापलीकडे फारशा गेल्या नाहीत, अशा शाळामास्तराला स्पेन कुठून दिसायला? पिशवीत आईने दिलेला काळा मसाला होता, मेतकूट होते, नातीसाठी खणाचे परकर-पोलके होते आणि एक प्रश्न होता. कराडजवळच्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खणाची भिंत आदल्या पावसाळ्यात सुटली होती. त्या खणात धाकट्याची खोली. अकरा वर्षे कुलूप लावून ठेवलेली. आई म्हणाली, “ती खोली त्याच्यासाठी बांधायची की पाडायची, ते त्याला समोर बसवून विचारून ये. फोनवर नको. फोनवर तो ‘बघू’ म्हणतो.”

माद्रिदहून वेगवान आगगाडी पावणेदोन तासांत कोर्दोब्याला पोचवते. आमच्याकडे जसा डोळा पोचेल तिथवर ऊस, तशी तिकडे ऑलिव्हची झाडे. टेकड्यांवर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मांडलेली. शहराला नदी आहे. तिचे नाव ग्वादाल्किवीर. हे नाव स्पॅनिश वाटते खरे, पण ते मूळचे अरबी आहे : ‘वादी अल्-कबीर’, म्हणजे मोठी नदी. अरबांचे राज्य जाऊन कित्येक शतके लोटली, पण नदीने नाव बदलले नाही. नद्या या बाबतीत माणसांपेक्षा हट्टी असतात.

शहर मुळात रोमन. सेनेका हा तत्त्वज्ञ इथलाच. इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि हे शहर त्यांच्या हाती गेले. पण कोर्दोब्याचे भाग्य उजळवणारा माणूस आला तो त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, आणि तो विजेता म्हणून नव्हे, तर पळून आलेला म्हणून. त्याची गोष्ट मला भावाने पहिल्याच संध्याकाळी सांगितली. ७५० साली दमास्कसच्या उमय्या घराण्याची सत्ता उलथली आणि नव्या राज्यकर्त्यांनी त्या घराण्यातली माणसे शोधून शोधून मारली. विशीच्या आसपासचा अब्दुर्रहमान हा राजपुत्र आपल्या धाकट्या भावासह पळाला. मागे घोडेस्वार, पुढे युफ्रेटिस नदी. दोघांनी पाण्यात उड्या टाकल्या. काठावरून स्वार ओरडले, परत या, तुम्हांला अभय आहे. धाकट्याचा दम संपला होता. तो परत फिरला. थोरला पोहत राहिला. पैलतीरावरून त्याने मागे पाहिले, तेव्हा धाकट्याचा शिरच्छेद होत होता.

पाच वर्षे वणवण करून अब्दुर्रहमान ७५५ मध्ये स्पेनच्या किनाऱ्याला लागला आणि पुढच्याच वर्षी कोर्दोब्याचा अमीर झाला. त्याने शहराबाहेर एक बाग केली आणि तिला आपल्या आजोबांच्या सीरियातल्या ठिकाणाचे, रुसाफाचे, नाव दिले. त्या बागेतल्या खजुराच्या झाडाला उद्देशून त्याने कविता लिहिली. तूही माझ्यासारखेच आपल्या मुलखापासून दूर आले आहेस, असा तिचा भाव. दमास्कसला तो पुन्हा कधी गेला नाही. ७८५ च्या सुमारास त्याने नदीकाठी मशिदीचे काम सुरू केले. तीच आजची मेस्किता. मशीद या शब्दाचेच ते स्पॅनिश रूप.

ही गोष्ट सांगताना भावाचा स्वर नेहमीसारखाच होता. मी मात्र त्या परत फिरलेल्या धाकट्यापाशी अडखळलो. आईचा प्रश्न त्या रात्री विचारायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेस्किता पाहायला गेलो. बाहेरून तटबंदीसारख्या भिंती. आत शिरले की नारिंगाच्या झाडांचे मोठे अंगण. झाडे रांगेत आणि त्यांच्या मुळांशी पाणी नेणारे दगडी पाट. नमाजापूर्वी हातपाय धुण्याचे हे अंगण. तिथून आतल्या काळोखात पाऊल टाकले आणि मी क्षणभर उभाच राहिलो. खांब, खांब आणि खांब. साडेआठशेंहून अधिक. प्रत्येक खांबावर लाल विटा आणि पांढरा दगड आलटूनपालटून बसवलेली कमान, आणि त्या कमानीवर आणखी एक कमान. कुठल्याही दिशेला पाहा, रांगा लांब लांब जातात आणि अंधारात विरतात. पोफळीच्या बागेत भर दुपारी शिरावे तसे वाटते.

मास्तरकी अंगात मुरलेली. ही दुमजली कमान कशासाठी, हा प्रश्न मला सुचलाच. उत्तर मोठे गमतीचे आहे. बांधणाऱ्यांनी पहिले खांब नवे घडवले नाहीत; मोडक्या रोमन इमारती आणि त्यांच्यानंतरच्या व्हिसिगॉथ राजांच्या वास्तू यांतले उचलून आणले. कुणी उंच, कुणी ठेंगणा. कुणी काळसर, कुणी गुलाबी. जो उंच त्याला जमिनीत जरा रोवला, जो बुटका त्याला खाली बैठक दिली. तरी एवढ्या मोठ्या दालनाला छत पेलण्याइतकी उंची येईना. म्हणून कमानीवर कमान चढवली. प्रार्थनेच्या वेळी वर्गातली पोरे उंचीनुसार उभी करताना माझी जी तारांबळ उडते, ती आठवून मला त्या अज्ञात गवंड्यांविषयी आपुलकी वाटली. जगातली इतकी देखणी रचना उसन्या सामानातून आणि अडचणीतून निघाली!

पुढच्या राज्यकर्त्यांनी ती वाढवत नेली. दुसऱ्या हकमने दहाव्या शतकात मक्केची दिशा दाखवणारा मिहराब सोनेरी काचेच्या तुकड्यांनी मढवला. ते तुकडे आणि कारागीर ख्रिस्ती बायझंटाइन सम्राटाने पाठवल्याचे इतिहासकार सांगतात. मग १२३६ मध्ये कास्तीलचा राजा तिसरा फेर्नांदो याने शहर जिंकले आणि मशिदीचे चर्च झाले. जवळजवळ तीनशे वर्षे मोडतोड फारशी झाली नाही. १५२३ मध्ये मात्र बिशपने खांबांच्या ऐन मध्यावर मोठे कॅथीड्रल उभारण्याचे ठरवले. तेव्हा विरोध कुणी केला? कोर्दोब्याच्या ख्रिस्ती नगरसभेनेच. कामाला हात लावील त्याला देहदंड, अशी दवंडी तिने पिटवली. तंटा सम्राट पाचव्या चार्ल्सपर्यंत गेला आणि त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला. पुढे ते काम पाहून, कुठेही बांधता येईल अशा गोष्टीसाठी जगात एकच असलेली गोष्ट तुम्ही मोडलीत, असे तो हळहळला म्हणतात. कॅथीड्रल पुरे व्हायला १६०७ उजाडले.

आज खांबांच्या रानातून चालता चालता माणूस एकदम पांढऱ्याशुभ्र उंच घुमटाखाली येतो. मला आधी राग आला. थोड्या वेळाने वाटले, चर्च झाले म्हणूनच ही वास्तू राहिली असेल. स्पेनमधल्या किती मशिदी पुसून गेल्या! जखम आणि औषध एकाच हातचे, असे क्वचितच पाहायला मिळते. वाद मात्र अजून मिटलेला नाही. २००६ साली चर्चने या वास्तूची मालकी आपल्या नावावर नोंदवली, तेव्हापासून ती नगराची की चर्चची यावर लोक भांडत आहेत. सात-बाराचा उतारा कुणाला चुकला आहे?

दुपारी ज्यूंच्या जुन्या वस्तीतून हिंडलो. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून बैलगाडी आली तर भिंतीत शिरावे लागेल. १३१५ मध्ये बांधलेले एक छोटे सिनेगॉग तिथे आहे. इथे तीन धर्म गुण्यागोविंदाने नांदले, असे प्रवाशांना मोठ्या प्रेमाने सांगितले जाते. त्यात सत्य नाही असे नाही. पण ते सदासर्वकाळचे नव्हे. मैमोनिदीस हा थोर ज्यू वैद्य आणि धर्मपंडित इथे ११३८ मध्ये जन्मला. तो दहा वर्षांचा असताना अल्मोहाद राजवट आली, कुटुंबाला शहर सोडावे लागले आणि १२०४ मध्ये तो इजिप्तमध्ये वारला. पुन्हा इकडे आला नाही. तरी सही करताना आपल्या नावापुढे ‘स्पेनचा’ असे लिहीत राहिला. ॲरिस्टॉटलवर भाष्ये लिहिणारा काझी इब्न रुश्द हाही कोर्दोब्याचाच. म्हातारपणी त्याच्यावर हद्दपारी आली, ग्रंथ जाळले गेले. ११९८ मध्ये तो माराकेशला मरण पावला. काही महिन्यांनी त्याचा देह कोर्दोब्याला आणला, तो खेचरावरून. एका बाजूला देह आणि दुसऱ्या बाजूला तोल साधायला त्याचेच ग्रंथ. हे दृश्य इब्न अरबी या सूफी सत्पुरुषाने स्वतः पाहून लिहून ठेवले आहे. १३९१ मध्ये ज्यूंची कत्तल झाली. १४९२ मध्ये त्यांना साऱ्या स्पेनमधून घालवले. १६०९ पासून पाच वर्षांत, ज्यांचे पूर्वज मुसलमान होते अशा सुमारे तीन लाख लोकांना देशाबाहेर काढले.

म्हणजे हे शहर येणाऱ्यांचे जेवढे, तेवढेच जाणाऱ्यांचे. आणि परत येणाऱ्यांचे काय? देवळाच्या घंटांची गोष्ट ऐका. ९९७ मध्ये इथला वजीर अल्मन्सूर उत्तरेला सांतियागोवर चालून गेला आणि तिथल्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोब्याला आणल्या. त्या मशिदीत दिवे म्हणून टांगल्या. १२३६ मध्ये फेर्नांदोने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून सांतियागोला परत पाठवल्या. घंटा परत गेल्या. पण खांदे मात्र दोन्ही वेळा माणसांचेच मोडले.

संध्याकाळी भावाच्या सासुरवाडीला जेवण होते. मे महिन्यात कोर्दोब्याची माणसे आपल्या घरांचे चौक फुलांनी सजवतात. त्यांना ‘पातिओ’ म्हणतात आणि पाहायला गावोगावची माणसे येतात. दारातून बोळ, बोळातून चौक, चौकात विहीर, चारी बाजूंना खोल्या. आमच्याकडच्या वाड्याचीच ही तऱ्हा. तुळशीवृंदावन तेवढे नाही. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतींवर पार वरपर्यंत कुंड्या टांगलेल्या. त्यांना पाणी कसे घालत असतील? विहीणबाईंनी लांब वेताच्या टोकाला बांधलेला पत्र्याचा डबा हाती घेतला आणि एकेका कुंडीत नेमका ओतून दाखवला. आंबे उतरवायच्या झेल्याची चुलत बहीणच ती.

जेवताना पहिले ताट समोर आले आणि मी चक्रावलो. वांग्याचे तळलेले काप, आणि त्यांच्यावर ओतलेली काळसर, दाट, गोड धार. बोट लावून चाखली. काकवी! ऊस पिकवणाऱ्या गावच्या माणसाला काकवी ओळखायला शिकवायला नको. त्यांच्या भाषेत तिला ‘उसाचा मध’ म्हणतात, आणि मालागाकडच्या फ्रिहिल्याना गावी ती आजही निघते. वांगे आणि काकवी! कृष्णाकाठच्या वांग्यांत दाण्याचे कूट भरून वाढलेल्या माणसाला हा संसार विजोड वाटावा. पण दोन काप खाल्ले आणि तिसऱ्यासाठी हात आपसूक पुढे गेला.

“याला काय म्हणतात?” मी विचारले. “बेरेन्हेना,” विहीणबाई म्हणाल्या. भाऊ हसला. “दादा, संस्कृतातलं वातिंगण. आपल्याकडं त्याचं वांगं झालं. इराणात बादिंगान झालं, अरबांनी बादिंजान केलं आणि इथं येऊन त्याची बेरेन्हेना झाली.” मग त्या चौकात एक खेळच सुरू झाला. शर्करेची आपल्याकडे साखर झाली, तिकडे ‘आसूकार’. नारिंगाचे ‘नारान्हा’. चतुरंगाचा शतरंज आणि त्याचे ‘आहेद्रेस’. त्या खेळातल्या उंटाला ते ‘आल्फील’ म्हणतात, म्हणजे अरबीत हत्ती, आणि हे तिथे कुणाच्या गावीही नसते. गावच्या नगराध्यक्षाला ‘आल्काल्दे’ म्हणतात. तो आपला काझीच. विहीणबाई कुणा शेजाऱ्याविषयी तावातावाने सांगत होत्या आणि मधे मधे ‘फुलानो’ म्हणत होत्या. मला एक अक्षर कळत नव्हते. एवढे मात्र लख्ख कळले. फलाणा! अरबी शब्द एका बाजूने आमच्या गावात आला, दुसऱ्या बाजूने त्यांच्या. आणि दोन्हीकडे तो शेजाऱ्यांची उणीदुणी काढायच्याच कामी आला.

मी गणित शिकवतो, म्हणून भावाने माझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. उत्तर स्पेनमधल्या आल्बेल्दा इथल्या मठात ९७६ मध्ये एका ख्रिस्ती साधूने हस्तलिखित पुरे केले. त्यात एक ते नऊ हे आपले अंक आहेत. शून्य तेवढे नाही. ख्रिस्ती युरोपात सापडलेले हे सगळ्यांत जुने. आणि त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे, की ही विद्या हिंदी लोकांची. मी मनात म्हटले, आमचा एक निघाला तो हजार वर्षांपूर्वी इथे पोचला, आणि तो काही परत आला नाही. त्याच्या येण्याची वाट कुणी पाहिली नाही, कारण तो तिकडे गेला म्हणून इकडचा कमी झाला नव्हता. पण अंकाला आई नसते.

पुतणी माझ्या शेजारी बसली होती. परकर-पोलक्यात विहिरीच्या काठावर मिरवून आलेली. तिला मराठी येते ते एवढेच : चल, बस, जेव, नको, पाणी, वांगं, आजी, काका. एकट्या बापाला घरात जेवढी मराठी बोलता येते, तेवढीच. ती कापाकडे बोट दाखवून मला म्हणाली, “काका, वांगं. जेव.” आणि आजीकडे वळून त्याच श्वासात “बेरेन्हेना” म्हणाली. तिच्या लेखी दोन्ही नावे एकाच वस्तूची होती आणि त्यांत कसलीच अडचण नव्हती.

रात्री आम्ही दोघे भाऊ नदीवरच्या रोमन पुलावर जाऊन बसलो. पलीकडे कालाओरा बुरूज, अलीकडे पाण्यात उभा असलेला मोठा रहाट. राणी इसाबेलची झोपमोड होते म्हणून तो एके काळी बंद पाडला होता, अशी दंतकथा आहे. आता तो मुका आहे. मी आईचा प्रश्न विचारला.

तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “दादा, मी ‘बघू’ म्हणतो ना, ते तिला फसवायला नाही. ‘नाही’ म्हटलं की माझंच काहीतरी ढासळेल असं वाटतं.”

“म्हणजे नाही.”

“भिंत बांधा. घर पडू देऊ नका. पण माझ्यासाठी खोली ठेवू नका. मी येत जाईन. परत येणार नाही.”

“आई पंचाहत्तर वर्षांची आहे.” माझा आवाज चढला होता.

“माहीत आहे. म्हणून तर आता खोटं बोलवत नाही.”

आम्ही घरी गेलो तेव्हा आमच्यात फारसे बोलणे झाले नाही. मी रागावलो होतो, आणि नेमके कुणावर ते मला सांगता आले नसते. झोप येईना तेव्हा युफ्रेटिसच्या काठावरून हाका मारणारे ते स्वार आठवले. त्यांची तुलना आईशी करणे मूर्खपणाचे होते. तिच्या हाकेत कपट नव्हते, मायाच होती. पण पाण्याच्या मध्यावर पोचलेल्या माणसाला दोन्ही काठ सारखेच लांब असतात, हे मला त्या रात्री उमगले. मी स्वतः कधी पाण्यात उतरलेलोच नव्हतो.

जूनमध्ये गावी परतलो. आई पडवीत सुपाने ज्वारी पाखडत होती. मी जे झाले ते जसेच्या तसे सांगितले; शब्द मऊ केले नाहीत. सूप थांबले. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाले.

“तिथं वांगी मिळतात म्हणतोस?”

“मिळतात. काकवी घालून खातात.”

“काकवी?” तिने कपाळाला हात लावला. “मग माझा मसाला काय केला त्यांनी?”

“संपवला. आणखी मागितलाय.”

त्यावर ती काही बोलली नाही. आठ दिवसांनी गवंडी आला, तेव्हा तिने स्वतः उभे राहून मागच्या खणाची भिंत बांधून घेतली. काम झाल्यावर कुलूप काढून खोली झाडली, आणि पडवीत इतके दिवस अडचण करून राहिलेली शाळूची पोती तिथे ठेवायला मला सांगितले. भिंतीत धाकट्याच्या दप्तराची एक जुनी लाकडी खुंटी होती. गवंडी ती काढून भोक बुजवायला निघाला, तर आईने त्याला हात लावू दिला नाही. हल्ली पाखडण झाले, की तिचे सूप त्या खुंटीवर असते.